टोपलीतलं शेत

यवतमाळला जाऊन आले म्हटलं की आमच्याकडची माणसं विचारतात, तिकडे काय आहे बघायला? मी सांगते, गहू. मग ती माझ्याकडे जरा निरखून बघतात. कोल्हापूरजवळ माझी रोपवाटिका आहे, अर्धं आयुष्य मी रोपं विकण्यात घालवलंय, आणि गहू बघायला कोणी महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला जात नाही. तेही श्रावणात, जेव्हा कुणाच्याही शेतात गहू नसतो.

हा गहू शेतातला नव्हता. बांबूच्या छोट्या टोपलीत पेरलेला होता, तो पिकून कुणाच्या पोटात जाणार नव्हता, आणि तरी त्याच्यासाठी एक अख्खा तांडा नऊ दिवस जीव टाकत होता. हे मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून लिहिते आहे.

मला बोलावलं सुनीतानं. सुनीता बोरी अरबजवळच्या एका बंजारा तांड्यावर राहते आणि जवळच्या शाळेत शिकवते. फार वर्षांपूर्वी तिनं शाळेसाठी माझ्याकडून सोनचाफ्याची रोपं मागवली होती. पोचेपर्यंत निम्मी मेली, ती फोनवर माझ्याशी कडाकडा भांडली, मीही तिला चार शब्द सुनावले, आणि त्या भांडणातून आमची जी मैत्री जुळली ती अजून टिकून आहे. मात्र भेट कधीच झाली नव्हती. यंदा तिचा फोन आला की तांड्यावर कितीतरी वर्षांनी तीज, म्हणजे मुलींचा गहू पेरायचा सण, बसते आहे, मुली शिकायला बाहेर गेल्या आणि हे मागे पडलं होतं, आता पुन्हा कधी बसेल सांगता येत नाही. मी दुसऱ्या दिवशी तिकीट काढलं.

यवतमाळ

यवतमाळात पहिल्या सकाळी मी तर्री-पोहे खाल्ले आणि माझा तांबड्या रश्श्याचा सगळा गर्व उतरला. आम्ही कोल्हापूरची माणसं तिखटाच्या बाबतीत स्वतःला फार मोठी समजतो. गाडीवाल्यानं विचारलं, तर्री कमी टाकू का? मी म्हटलं, जास्त टाका. नंतर त्यानं न मागता पाण्याचा जग माझ्यासमोर आणून ठेवला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे तोंड करून हसला.

दारव्ह्याच्या बाजूला जाणारी एसटी पकडली. दोन्हीकडे कापूस, सोयाबीन, मध्येच तुरीच्या ओळी. आमच्याकडे ऊस माणसाच्या डोक्यावर जातो आणि पलीकडचं काही दिसू देत नाही, इथे कापसाचं पीक कमरेच्या खाली, त्यामुळे नजर पार क्षितिजापर्यंत पोचते. कापसाला नुकती फुलं लागली होती. कापसाचं फूल पहिल्या दिवशी फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. माझ्या रोपवाटिकेत असं फूल असतं तर मी त्याला काहीतरी इंग्रजी नाव देऊन दुप्पट भावाने विकलं असतं. इथे त्याच्याकडे कोणी मान वळवूनसुद्धा बघत नाही, कारण सगळ्यांचं लक्ष बोंडाकडे.

शेजारच्या बाईंनी मला विचारलं, कुठून आलात, कोणाकडे चाललात? मी सांगितलं, तांड्यावर, तीज बघायला. त्या कुणबी होत्या, बोरीला माहेरी चालल्या होत्या. त्या म्हणाल्या की लहानपणी तांड्यावरच्या मुली गाणी म्हणत विहिरीवर जायच्या ते त्यांच्या शेतातून ऐकू यायचं, आणि त्यांची आई काम थांबवून ऐकत बसायची. पण जवळ जाऊन त्यांनी कधी बघितलं नव्हतं. का, ते त्यांनाही सांगता आलं नाही.

तांडा, पेरणीचा दिवस

सुनीता बोरीच्या स्टँडवर आली होती. फोनवरच्या आवाजावरून मी तिला उंच आणि धिप्पाड समजत होते, ती निघाली माझ्या खांद्याएवढी. तिनं मला बघून आधी सोनचाफ्याची आठवण काढली. त्यातली जगलेली झाडं आता शाळेच्या कौलांपर्यंत गेली आहेत म्हणे, आणि तरी मेलेल्यांचा हिशेब तिनं सोडलेला नाही.

तांडा म्हणजे शंभरेक घरांची वस्ती, मधोमध कडुनिंब, त्याच्या शेजारी नायकाचं घर. नायक हा तांड्याचा प्रमुख. तीज बसवायची तर मुलींनी आधी त्याची परवानगी मागायची असते आणि त्यानं थोडे आढेवेढे घ्यायचे असतात. हे सगळं माझ्या येण्याआधी झालं होतं. मी पोचले तेव्हा मुली वारुळाची माती आणून त्यात शेळ्यांच्या लेंड्यांचं खत मिसळत होत्या. मी न राहवून हात घातला. माती इतकी सुरेख भुसभुशीत होती की मी लगेच विचारलं, हे वारूळ आहे कुठे? सुनीता म्हणाली, ताई, धंदा नंतर.

पेरणीआधी एक खेळ होतो, तो मला फार आवडला. बोराच्या झाडाची काटेरी फांदी अंगणात रोवतात. मुलींनी भिजवलेले हरभरे तिच्या एकेका काट्यावर टोचायचे आणि त्याच वेळी भावांनी फांदी गदागदा हलवायची. काटे बोटांत घुसतात, मुली भावांना शिव्या घालतात, म्हाताऱ्या बाया हसून लोटपोट होतात. आमच्या रोपवाटिकेत शहरातली माणसं येतात, घरात भरभराट होईल असं झाड द्या म्हणतात, मी त्यांना काचेच्या बरणीतला बांबू देते आणि पैसे घेते. त्या झाडाला कोणी हात लावत नाही, पाणीसुद्धा मोलकरीण घालते. इथे बोटातून रक्त आल्याशिवाय सुरुवातच होत नव्हती.

मग प्रत्येक मुलीनं आपापल्या टोपलीत रात्रभर भिजवलेला गहू पसरला, वरून मातीचा हात फिरवला. चार बल्ल्यांवर बांधलेल्या माचावर टोपल्या ओळीने मांडल्या. आता नऊ दिवस विहिरीचं पाणी आणून, गाणी म्हणत, दिवसातून अनेक वेळा ते शिंपायचं. शेवटी उगवलेली तीज, म्हणजे ती कोवळी पोपटी पाती, खुडून भावांच्या डोक्यावरच्या पागोट्यात, टोपीत खोसायची आणि टोपल्या नदीत सोडायच्या.

मी म्हटलं, अहो हे तर आमच्याकडेही आहे. आम्ही नवरात्रात घट बसवतो, पत्रावळीवर माती पसरून धान्य पेरतो, आणि दसऱ्याला ते तुरे टोपीत खोसून गडी मिरवतात. नायकाला ते ऐकून बरं वाटलं. मोठ्या वयाचा, हळू बोलणारा माणूस. त्यानं मला खाटेवर बसवलं आणि त्याचं म्हणणं सांगितलं. खरं-खोटं तोच जाणे, पण मला ते पटलं.

"तुमच्यापाशी वावर होतं बाई, घट त्याच्या वरचं झालं," तो म्हणाला. "आमच्यापाशी वावर नव्हतं. बैल होते, अन् बैलाइच्या पाठीवर दुसऱ्याचं धान्य. मंग पोरीइनं टोपलीत वावर केलं. तांडा उठला का टोपली नदीत."

आता तांड्यावरच्या प्रत्येकाकडे वावर म्हणजे शेत आहे, त्यात कापूस आहे, सोयाबीन आहे. गहू मात्र जवळजवळ कोणी पेरत नाही. त्यामुळे सगळ्या मुलींनी बोरीच्या दुकानातून गहू आणला होता. एक सोडून.

तिचं नाव पायल. सुनीताच्या मोठ्या दिराची, परसरामची, मुलगी. दिवाळीनंतर तिचं लग्न आहे, डिग्रसकडच्या एका तांड्यावर ती जाणार. तीज लग्न न झालेल्या मुलींची, त्यामुळे तिची ही पहिली आणि शेवटची. पायलला भाऊ नाही, आईही नाही. आई, कमला, पायल शाळेत असताना वारली. ही कमला घराच्या खालच्या पट्टीत दरवर्षी बन्शी गहू पेरायची, पाणी न देता नुसत्या ओलीवर येणारा जुना गहू. ती गेली आणि परसरामनं त्या पट्टीतही कापूस लावला. तिच्या शेवटच्या पिकाचं थोडं बियाणं राख आणि कडुनिंबाचा पाला घालून एका मडक्यात बंद होतं. ते मडकं माळ्यावर तसंच राहिलं, परसरामनं ते उघडलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. पायलनं ते उतरवलं आणि सगळाच्या सगळा गहू आपल्या टोपलीत पेरला. बाप नको म्हणत असताना पेरला.

सुनीतानं हे मला चुलीपुढे बसून सांगितलं. मी तव्यावरची भाकर उलटायची विसरले आणि ती करपली.

बोडकी टोपली

खरं सांगायचं तर ते ऐकल्यावरच मी मनात वर्षं मोजायला लागले होते. बियाणं हा माझा रोजचा विषय आहे. गहू जिवंत असतो, पण कायमचा नाही. यवतमाळच्या उन्हाळ्यात कौलाखालच्या माळ्यावर इतकी वर्षं काढलेला दाणा उगवेल अशी पैज मी लावली नसती.

तिसऱ्या दिवशी सगळ्या टोपल्यांतून बारीक पांढरी टोकं वर आली. चौथ्या दिवशी ती पोपटी झाली. पायलची टोपली काळी ती काळीच. मुली पाणी घालायला आल्या की स्वतःच्या टोपलीकडे बघून मग हळूच तिच्या टोपलीकडे बघायच्या. बायका काही बोलत नव्हत्या, म्हणजे तिच्यासमोर बोलत नव्हत्या. ज्या मुलीची तीज चांगली उगवते तिचं सासर चांगलं, असं तिथे मानतात. उगवलीच नाही तर काय, हे कोणी मोठ्यानं म्हणत नव्हतं.

सुनीता मात्र हवालदिल झाली होती. ढमोळीच्या दिवशी, म्हणजे शेवटाच्या आदल्या दिवशी, तीजेला चुरम्याचा नैवेद्य दाखवतात. त्या दिवशी पायलच्या सासरच्या बायका येणार होत्या.

"मूठभर दुकानचा गहू मी टाकून देईन त्यात," सुनीता मला बाजूला घेऊन म्हणाली. "कोनाले समजते?"

पायल मागेच उभी होती. मुलगी दिसायला नाजूक, पण आवाज एकदम ठाम. "नाही काकी. मंग तो याडीचा गहू नाही राहत." याडी म्हणजे आई.

मग मी मध्ये पडले. मला मध्ये पडायची खोडच आहे, आणि झाडांच्या बाबतीत मी ती खोड मानत नाही. मी पायलला विचारून टोपलीच्या कडेची माती नखाने उकरली आणि दाणे काढून बघितले. बरेच दाणे फुगून मऊ पडले होते, बोटांत धरले की पीठ व्हायचे. ते गेले. पण खालच्या बाजूला काही अजून घट्ट होते. मी तिला सरळ सांगितलं की बहुतेक गहू मेलाय, जो थोडा जिवंत असेल तो सावकाश येईल, पण इतकं पाणी घालाल तर तोही कुजेल. जवान दाण्याला पाणी सोसतं, म्हाताऱ्याला सोसत नाही.

पाणी कमी कसं करणार? गाणी म्हणत, ओळीने, सगळ्यांनी मिळून पाणी घालायचं, तीच तर तीज. एकीनं पाणी घातलं नाही तर ते सगळ्यांना दिसणार. पायलनं थोडा विचार केला, पळसाचं एक पान तोडून आणलं, ते कलशात बुडवून टोपलीवर नुसतं झटकलं. चार थेंब पडले. गाणं तेच, रांग तीच. मुलींना ते चाललं. एक म्हातारी काहीतरी पुटपुटली, पण नायक म्हणाला, पाणी घातलं ना? मग झालं.

त्याच दुपारी परसराम शेतातून आला. सडसडीत, कमी बोलणारा माणूस, डोक्यावर पांढरी टोपी. त्यानं टोपलीत डोकावून बघितलं आणि लेकीला म्हणाला, "सांगतलं होतं म्या. मेलं ते मेलं. कायले उकरून राह्यली?" आणि उत्तराची वाट न बघता घरात गेला. पायलच्या डोळ्यांत पाणी आलं, पण तिनं ते पुसलं आणि पान पुन्हा कलशात बुडवलं. मला त्या माणसाचा संताप आला. जेवताना मी त्याच्याशी बोलले नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नसावं, कारण तोही कोणाशी बोलत नव्हता.

केळापूरच्या बाजूला

मला पांढरकवड्याकडचं सागाचं रान बघायचं होतं, ते आधीच ठरलं होतं. जीव टोपलीत अडकला असताना मी निघाले, कारण तिथे बसून माझ्या बघण्याने काही दाणा उगवणार नव्हता.

श्रावणातला साग बघण्यासारखा असतो. पानं ताटाएवढी, वरती फिकट पांढऱ्या फुलांचे तुरे, त्यामुळे अख्खं रान पीठ भुरभुरल्यासारखं दिसतं. केळापूरच्या देवीला नमस्कार करून मी जवळच्या एका वावरात गेले, कारण रस्त्यावरूनच मला कापसाच्या ऐन मध्ये एक भलंमोठं मोहाचं झाड दिसलं होतं. त्याच्या सावलीत कापूस खुरटला होता. शेताच्या मालकीणबाई तण निंदत होत्या. मी विचारलं, तोडत का नाही? त्या माझ्याकडे असं बघत राहिल्या, जणू मी घर का पाडत नाही असंच विचारलं होतं.

त्यांनी सांगितलं की वावर त्यांचं आहे, पण झाडाची फुलं पलीकडच्या कोलाम आदिवासींच्या पोडाची, म्हणजे वस्तीची. त्यांच्या सासऱ्यांच्या आधीपासून. चैत्रात पोडावरच्या बायका पहाटे येऊन पडलेली फुलं वेचतात, जाताना मूठभर या बाईंच्या दारात ठेवतात. कागदावर याचं काही नाही. त्यांनी मला काटवलाची भाजी आणि ज्वारीची भाकर वाढली. आमच्याकडे दोन भावांत बांधावरच्या आंब्यावरून कोर्टकज्जे होतात आणि आंबा मध्ये वाळून जातो, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना ते खरं वाटलं नाही.

भाकर हातात असतानाच फोन वाजला. पायल होती. मागे मुलींचा कालवा चालला होता.

"मावशी, आला. एक आला. काकी म्हणते गवत आहे. तुम्ही येऊन पाहा."

मी भाकर तशीच गुंडाळून घेतली आणि पहिली मिळेल ती गाडी पकडली.

ढमोळी

गवत नव्हतं, गहूच होता. मी पोचेपर्यंत एकाचे चार झाले होते, ढमोळीच्या दिवसापर्यंत अजून दोन-तीन आले. एवढ्या टोपलीत मोजकी पाती, ती मागून आल्यामुळे बोटभरच. शेजारच्या टोपल्यांत वीतभर दाट पोपटी कुरण. पण इतका आनंद मला माझ्या रोपवाटिकेत हजार रोपं एकदम उगवल्यावरही झालेला नाही, हे मी शपथेवर सांगते.

सासरच्या बायका आल्या. पायलची होणारी सासू टोपल्यांपुढून हळूहळू चालत गेली आणि पायलच्या टोपलीपाशी थांबली. सुनीताचा हात माझ्या दंडावर होता, नखं रुतेपर्यंत. सासूनं विचारलं, इतकी पातळ काहून? पायलनं खाली मान न घालता सगळं सांगितलं, मडकं, राख, बन्शी, सगळं. ती बाई वाकली, एका पात्याला बोट लावलं आणि म्हणाली की तिच्या माहेरीही बन्शी असायचा, त्याच्या चपात्या लालसर व्हायच्या. मग ती तिथेच बसून माहेरच्या गोष्टी सांगायला लागली आणि चुरमा गार होऊ लागला.

त्या दुपारी सगळे जेवून आडवे झाले असताना मी सहज माचाकडे गेले. परसराम तिथे एकटा उभा होता. टोपी हातात, डोळे पायलच्या टोपलीवर. मला बघून त्यानं घाईनं टोपी घातली आणि तिथे नसलेल्या शेळीला हाकललं. मी त्याच्याशी अबोला धरला होता तो मला त्या क्षणी सोडून द्यावासा वाटला. म्हणून मीही त्या शेळीला हाकलायला लागले.

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. हा त्या घरातला, कदाचित त्या अख्ख्या भागातला कमलाचा शेवटचा गहू. पायलनं सगळं बियाणं एकदम पेरलं होतं, मागे एक दाणाही नव्हता. मी तिला म्हटलं, एक रोप मला दे. मुळासकट, मातीसकट. मी ते कोल्हापूरला नेते, छपराखाली जपते, ओंबी धरली की बी तुला तुझ्या सासरी पाठवते. मला करता येतं हे. माझा हात कच्चा नाही. पायलनं मान हलवली आणि म्हणाली, पाहू. मी ते होकारातच धरलं आणि प्लास्टिकची पिशवी, ओली माती, सगळं तयार ठेवलं.

अडाण नदी

शेवटच्या दिवशी अख्खा तांडा नटला. म्हाताऱ्या बायांनी आरशांचे घागरे-कांचळी काढली, मुलींनीही हौसेने घातली, जरी त्यांच्या मापाला ती सैल होती. टोपल्या माचावरून उतरवताना मुली गात होत्या आणि गाता गाता रडत होत्या. मला वाटलं होतं रडणं रीतीपुरतं असेल. नव्हतं. नऊ दिवस जिला पाणी घातलं ती आता जाणार, आणि ज्यांनी घातलं त्याही एकेक करून जाणार, हे त्या गाण्यात होतं आणि सगळ्यांना कळत होतं. माझेही डोळे वाहत होते, चष्म्यावरून पदर फिरवावा लागला.

पहिली तीज नायकाच्या पागोट्यात गेली. मग प्रत्येक मुलगी आपल्या भावासमोर उभी राहू लागली. पायलचा एक चुलतभाऊ मोठ्या समजूतदारपणे मान वाकवून तयार उभा होता. पायल त्याच्या समोरून पुढे गेली. मागे, कडुनिंबाला टेकून, परसराम उभा होता. तिनं टोपलीतून दोन पाती खुडली, तिला टाचा उंच कराव्या लागल्या, आणि ती बापाच्या टोपीच्या घडीत खोसली. बापाला कोणी तीज देत नाही. गाणं क्षणभर अडखळलं. परसराम हलला नाही, त्यानं फक्त लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो बराच वेळ तिथेच ठेवला.

नदीवर मी पिशवी घेऊन पुढेच उभी होते. टोपल्या एकेक पाण्यात जात होत्या, पोपटी पुंजके गढूळ पाण्यावर तरंगत लांब चालले होते. पायल पाण्यात गुडघाभर उतरली. मी किनाऱ्यावरून हाक मारली, एक ठेव ग. तिनं माझ्याकडे बघितलं आणि अख्खी टोपली सोडून दिली.

मला राग आला. खोटं कशाला बोलू, चांगलाच आला. ती वर आल्यावर मी तिला म्हटलं, अगं वेडे, बी गेलं सगळं. आता तो गहू कुठून आणणार?

ती घागऱ्याचा ओला काठ पिळत होती. "मावशी, मले जतन नव्हतं करायचं," ती म्हणाली. "मले पाह्याचं होतं, उगवते का. उगवला. आता जाऊ द्या तिले."

माझ्या हातातल्या पिशवीतली ओली माती मी तिथेच नदीच्या कडेला ओतली. माझं मत अजूनही तेच आहे, एक रोप ठेवायला हवं होतं. पण गहू माझा नव्हता.

बोरीचा स्टँड

दुसऱ्या दिवशी सकाळी सुनीताला शाळा होती, म्हणून परसरामनं मला मोटरसायकलवरून बोरीला सोडलं. टोपीतली पाती त्यानं काढली नव्हती. ती आता मलूल होऊन कानावर लोंबत होती आणि वाऱ्यानं माझ्या चष्म्याला लागत होती.

स्टँडवर चहाच्या टपरीवाल्यानं त्याला ओळखलं आणि थट्टा सुरू केली. "काय परसराम, तीज तं काल सरली. टोपीत अजून कायले खोसून राह्यला?"

परसरामनं माझी बॅग बाकावर ठेवली. "कमलाचा गहू होय हा," तो म्हणाला.

टपरीवाल्यानं न विचारता दोन चहा भरले. परसराम माझ्या शेजारी बसला. मग तो बोलायला लागला, माझ्याकडे न बघता, समोरच्या रस्त्याकडे बघत. खालच्या पट्टीत ती कशी पेरायची, पोळा झाला की तिची कशी घाई सुरू व्हायची, बी ती स्वतःच निवडायची आणि त्याला हात लावू द्यायची नाही, मळणीच्या दिवशी ती कुठलं गाणं म्हणायची. सुनीतानं मला नंतर फोनवर सांगितलं की कमला गेल्यापासून तिच्याबद्दल तो एक शब्द बोलला नव्हता.

यवतमाळची बस आली, समोर येऊन थांबली. कंडक्टरनं विचारलं, बाई, येता का? परसराम त्या वेळी कमलाचं गाणं आठवत होता, दुसरी ओळ त्याला सापडत नव्हती.

मी कंडक्टरला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे.